वाळक्या झावळ्या

११ जानेवारी

धाकटीचा फोन होता. धाकटी म्हणजे माझी बहीण. स्वतः साठीला टेकली तरी धाकटीच. म्हणाली, "ताई, तू रोज तेच तेच सांगतेस, माझा कान दुखायला लागला. वहीत लिहीत जा." म्हटलं बरं, लिहिते. वही निदान मधेच टीव्हीचा आवाज मोठा करणार नाही.

थंडी वाढली आहे. बागेतल्या लहान पामांना गोणपाटाचे झगे शिवून घातले. पामाला वाढीचा एकच कोंब, अगदी मधोमध. तो गारठला की संपलं, बाजूने दुसरा फुटत नाही. आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलं, झबल्यापासून कोटापर्यंत, आता झाडांची मापं घेते. सून म्हणाली, "आई, ह्याला गळ्यात जरा घट्ट होतंय." मी म्हटलं, त्याला म्हणावं श्वास रोखून धर. ती हसली नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर पोट धरून हसायची.

ही बाग नान्याची. माझा एकुलता एक. लग्नानंतर त्याने आणि सुनेने घरामागच्या पडीक जागेत पामाच्या बिया पेरल्या, तेव्हा मी म्हटलं होतं, हे उगवेपर्यंत मी वर गेलेली असेन. उगवलं, वाढलं, गिऱ्हाईक यायला लागलं आणि वर गेला तो. रोपं पोचवायला निघाला होता, वळणावर समोरून ट्रक आला. येत्या पावसाळ्यात दोन वर्षं होतील.

तेव्हा सुनेची आई तिला न्यायला आली होती. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. सून एवढंच म्हणाली, "झाडं कोण बघणार?" आई हात हलवत परत गेली. झाडांचे माझ्यावर फार उपकार आहेत. सकाळी तिच्या खोलीचं दार वाजलं की मगच मला उठावंसं वाटतं. ती गेली तर ह्या घरात मी काय करणार, माझं मलाच माहीत नाही. हे तिला कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

२३ जानेवारी

बागेत एक उदमांजर येतं. रात्री पामाची फळं खातं आणि कुंपणाजवळच्या ठरलेल्या दगडावर घाण करून जातं. रोज तोच दगड, पेन्शनरासारखा नेम आहे त्याचा. सून ती घाण गोळा करते, कारण तिच्यात बिया असतात. "त्याच्या पोटातून आलेल्या बीचा गर आयता साफ होतो, आई. लवकर रुजते." ठीक आहे, रुजू दे. पण आज पाहते तर ती बिया माझ्या चहाच्या गाळणीत धूत होती. मी नवी गाळणी आणली आणि जुनीला लाल दोरा बांधला. तरी चहा पिताना मनात यायचं ते येतंच.

गिऱ्हाईक आलं होतं, नव्या इमारतीसाठी पाम हवेत म्हणून. जाताना भिंतीलगतच्या जुन्या पंखा पामांकडे बघून म्हणालं, "ह्यांची हजामत करा की एकदा." खोटं नाही. ते पाम आम्ही जागा घेतली तेव्हापासून आहेत. त्यांच्या झावळ्या वाळल्या तरी गळत नाहीत, खोडाला लटकून राहतात, थरावर थर. मी त्यांना पारोशी झाडं म्हणते. नान्या त्यांना हात लावू द्यायचा नाही, आता सून देत नाही. मला लोंबतं काही बघवत नाही. कापडाला दोरे लोंबत ठेवणारी मुलगी माझ्या वर्गात टिकली नाही.

५ फेब्रुवारी

सकाळी एक माणूस कुंपणाबाहेर उभा राहून आमच्या बागेत दुर्बीण लावून बघत होता. मी झाडू घेऊनच गेले. तर म्हणतो, "काकू, तुमच्या पामांत पाकोळ्या घरटी करतायत." म्हटलं, करू देत, तुमचं काय जातं? तर म्हणे मी त्यांची नोंद ठेवतो, आत येऊन बघू का? चाळिशीच्या अलीकडचा असेल. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करतो, पक्षी बघणं फावल्या वेळात. एकटाच राहतो. हे सगळं मी फाटकातच विचारून घेतलं, मग आत घेतलं.

सून शिडी घेऊन आली. त्याने तिला दाखवलं ते मीही पाहिलं. वाळक्या झावळीच्या आतल्या बाजूला पिसांची एक छोटी वाटी चिकटवलेली. चिकटवतात ती स्वतःच्या लाळेने, अंडीसुद्धा लाळेनेच चिकटवून ठेवतात, वाऱ्याने पान हललं तरी पडू नयेत म्हणून. सुई नाही, दोरा नाही, आणि काम असं पक्कं. मी मनात म्हटलं, शाबास.

त्याचं नाव मी दुर्बीण ठेवलं आहे. चहा फार हळू पितो. थंड होतो तरी पितच असतो.

२२ फेब्रुवारी

दुर्बीण आता सुट्टीच्या दिवशी सकाळीच येतो. सून त्याच्या आधी उठून पाणी घालून मोकळी झालेली असते. पाकोळ्या पहाटे बाहेर पडतात, त्या बघायला हव्यात म्हणे. दोघं पामांखाली माना वर करून उभी असतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडते, माना मोडतील, खाली बघा जरा. काल त्यांना पामाच्या पानाखाली वटवाघूळ सापडलं. त्याने पानाच्या शिरा कुरतडून त्याचा तंबू केला होता आणि आत बायकापोरांसकट लटकलं होतं. सून मला सांगायला पळत आली. पळत. चप्पल सुद्धा घातली नव्हती.

आणि आज ती हसली. मोठ्यांदा. दुर्बीण शिडीवरून उतरताना झगा घातलेल्या रोपावर बसला आणि उठून रोपाला "माफ करा" म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नान्या गेल्यापासून हा आवाज घरात नव्हता. पाखरांनी पोरीला माणसांत आणलं. मी धाकटीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पाखरांनी का?" मी म्हटलं, नाहीतर काय माझ्या विनोदांनी?

९ मार्च

मला एक फार छान सुचलं आहे. आपली भाची आहे ना, धाकटीची लेक, दवाखान्यात नर्स आहे, तिचं अजून जमत नाही. आणि इथे हा दुर्बीण, निर्व्यसनी, कायमची नोकरी, आवाज चढवून बोलत नाही. इतके दिवस डोळ्यांसमोर होता आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. धाकटीला कळवलं, रविवारी भाचीला पाठव.

सुनेला सांगितलं तेव्हा ती रोपांचा ट्रे उचलत होती. तो तिच्या हातून निसटला आणि सगळी माती फरशीवर. मी म्हटलं, अगं, लक्ष कुठे आहे? ती खाली बसून रोपं वेचत म्हणाली, "बघा की. चांगला माणूस आहे." मग म्हणाली डोकं दुखतंय आणि जेवलीच नाही. ऊन लागलं असणार. दिवसभर टोपी न घालता हिंडते, सांगून ऐकत नाही.

१५ मार्च

भाची आली होती. मी दोघांना समोरासमोर बसवलं, मधे चहा ठेवला. दुर्बिणीने तिला विचारलं, दवाखान्यात पाणी कुठून येतं? टाकी कधी धुतात? एवढंच. नंतर सगळा वेळ दाराकडे बघत बसला. सून आतून बाहेर आलीच नाही, बिया धुते म्हणाली. कसल्या बिया, सगळ्या कालच धुऊन झाल्या होत्या.

निघताना भाचीने माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, तू पण ना." मी विचारलं, काय मी पण? तर म्हणे काही नाही, चष्म्याचा नंबर तपासून घे. हल्लीच्या मुलींना काही पसंतच पडत नाही.

१६ मार्च

धाकटीचा फोन. म्हणाली, "ताई, रागावू नकोस. तो तुझ्या सुनेसाठी येतो. माझ्या पोरीने एका कपभर चहात ओळखलं. तुला महिनाभर कळलं नाही?"

मी म्हटलं, तुझी लेक नाकारली गेली म्हणून काहीही बोलू नकोस. फोन ठेवला. मग उभीच राहिले. खिडकीतून सून दिसत होती. ती पामाखाली उभी होती, वर बघत नव्हती. फाटकाकडे बघत होती.

१८ मार्च

तिला विचारणार नाही. विचारलं तर उत्तर येईल.

२२ मार्च

रविवार. दुर्बीण आला. अंड्यांतून पिल्लं बाहेर आलीत म्हणाला, दोघं खूप वेळ शिडीपाशी होती. मी आज खिडकीतून ओरडले नाही, नुसती बघत होते. त्यांच्यात हातभर अंतर होतं. ते अंतर दोघंही इतकं सांभाळत होती की मला सगळं कळलं.

माझा नान्या ह्याच शिडीवर चढायचा. सूनच ती त्याच्यासाठी धरून उभी असायची. मला त्या माणसाचा इतका राग आला की हातातलं भांडं मी तीनदा घासलं. त्याने काय वाईट केलंय, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. तो तिला घेऊन जाईल, एवढंच.

२५ मार्च

सून आज रोपं पोचवायला परगावी गेली. मी छाटणीवाल्याला बोलावलं.

मनात काय होतं ते लिहिते. वाळक्या झावळ्या गेल्या की घरटी जातील, घरटी गेली की दुर्बिणीला यायला कारण उरणार नाही. गिऱ्हाइकं तक्रार करतात हे सुनेला सांगायचं, असं ठरवून ठेवलं होतं. पिल्लं आहेत हे मला माहीत होतं. रविवारी माझ्यासमोरच तो म्हणाला होता. माहीत नव्हतं असं लिहायला हात धजत नाही.

छाटणीवाला निम्मी रांग कापून झाल्यावर खाली उतरला. म्हणाला, "बाई, पानांत पिल्लं आहेत. थांबू का?" मी वर बघितलं. निम्मे पाम सोललेल्या उसासारखे आणि निम्मे तसेच लोंबते. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "आता निम्मं ठेवलं तर कसं दिसेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग पुन्हा चढला.

पिल्लं पडली नव्हती. नखं रोवून पानाला चिकटून होती. पान जमिनीवर, पिल्लू पानावर, उन्हात. मोठ्या पाकोळ्या वर गोल गोल फिरत होत्या. त्यांना कुठे बसायचं ते समजत नव्हतं.

२६ मार्च

काल सून दुपार कलताना आली. मी सांगायचं म्हणून पाठ केलेलं एकही वाक्य तिने मला बोलू दिलं नाही, कारण तिने विचारलंच नाही. पामांकडे बघितलं, खाली झावळ्यांच्या ढिगाकडे बघितलं. पिशवी खाली ठेवली आणि शिडी आणायला गेली.

पिल्लं असलेल्या झावळ्या ती ढिगातून एकेक करून सोडवू लागली. बऱ्याच पिल्लांची मान टाकलेली होती. ती बाजूला ठेवत होती. मी दाभण आणि सुतळी आणली. काय करायचं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. चार-पाच झावळ्या एकावर एक ठेवून देठांपाशी शिवायच्या, पिल्लाचं पान मधे, तोंड खाली, आणि ती जुडी वर नेऊन होती त्याच झाडाला बांधायची. मी शिवत होते, ती चढत होती. माझी टीप वाकडी जात होती. एवढ्या वर्षांत कधी गेली नाही.

शिडीवरूनच ती म्हणाली, "मी त्यांना नाही म्हटलं होतं, आई. गेल्या महिन्यातच. त्यांनी विचारलं तेव्हाच."

मी विचारलं, "का?"

"तुम्ही एकट्या पडाल म्हणून."

"मग तो येत का होता?"

"पाकोळ्या बघायला," ती म्हणाली. "तेवढं राहू दे म्हटलं मी त्यांना. तेवढंच मागितलं होतं मी."

आता हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. तिने नाही म्हटलं होतं हे ऐकून मला आनंद झाला. हातातलं पिल्लू गार पडलं होतं आणि मला आनंद झाला. ती जाणार नव्हती. कधीच जाणार नव्हती.

२९ मार्च

दोन जुड्यांवर पाकोळ्या परत आल्या. बाकीच्या जुड्या रिकाम्या वाजतात.

दुर्बीण आला. फाटकातच थांबला. मी दाराआड होते. त्याने विचारलं, "कोणी केलं?"

सून म्हणाली, "मी. गिऱ्हाइकं नावं ठेवत होती. धंदा आहे, असं करून चालत नाही. आता बघण्यासारखं काही राहिलं नाही इथे. तुम्ही येऊ नका."

तो "बरं," म्हणाला आणि गेला. ती फाटकाची कडी लावत होती, ती लागत नव्हती. रोज लागते.

मी दाराआडून बाहेर आले नाही. मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, खोटं बोलतेय ती, मी कापलं. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. मी उघडलं नाही. तिने माझी अब्रू राखली आणि मी ती राखू दिली.

१४ एप्रिल

घरात सगळं जागच्या जागी आहे. सून वेळेवर उठते, वेळेवर जेवते, काही विचारलं तर "हो आई" म्हणते. नवी रोपं जोमात आहेत. ती आता बागेत वर बघत नाही. खाली बघून पाणी घालते, खाली बघून आत येते. आज पाकोळ्यांचा थवा अगदी डोक्यावरून गेला, मीच म्हटलं, अगं बघ. ती म्हणाली, "हो आई."

मला हवं होतं ते मिळालं आहे. तिशी नुकती ओलांडली आहे पोरीने. मी अजून वीस वर्षं जगू शकते, आमच्या घराण्यात बायका चिवट आहेत. ती वीस वर्षं मला "हो आई" म्हणेल. जेवताना हे डोक्यात आलं आणि मी ताट सारून उठले.

२१ एप्रिल

दुर्बिणीच्या कचेरीत गेले होते. सगळीकडे पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. तो पांढरा कोट घालून बसला होता. कोटाच्या बाह्या लांब आहेत, कोणी आत दुमडून शिवून दिल्या नाहीत. मला बघून उठला, खुर्ची पुसली.

मी बसलेही नाही. म्हटलं, "झावळ्या मी कापल्या. पिल्लं आहेत हे माहीत असून कापल्या. तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

तो म्हणाला, "माहीत आहे, काकू. वाळकं पान खुडतानाही त्या हळू खुडतात."

"मग परत आला का नाहीस?"

"त्यांनी येऊ नका म्हटलं. खोटं बोलून म्हटलं, पण म्हटलं होतं ना."

असा माणूस. मला त्याला दोष द्यायला जागाच ठेवत नाही. मग म्हणाला, पुढच्या महिन्यात बदली आहे, समुद्राकडच्या शहरात, आगगाडीने दीड दिवस. मी विचारलं, तुला ती अजून हवी आहे का? तो बाटल्या सरळ करत राहिला. सगळ्या आधीच सरळ होत्या. म्हणाला, "त्या यायच्या नाहीत. तुम्ही आहात तोवर नाही."

त्याने ते साधेपणाने म्हटलं, टोमणा नव्हता. परत येताना मी चुकीच्या बसमध्ये बसले.

२३ एप्रिल

आज आम्ही रोपांच्या पिशव्या भरत बसलो होतो, माती, वाळू, खत. मी म्हटलं, "तू त्याच्याबरोबर जा."

ती म्हणाली, "कोणाबरोबर?" मग म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "आई, तुम्ही चांगुलपणा करू नका. मला इथे काही कमी नाही."

मी म्हटलं, "चांगुलपणा नाही करत. ऐक. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. आत्ताही वाटतं. तू नाही म्हटलंस हे ऐकलं तेव्हा मला आनंद झाला होता, मेलेलं पिल्लू माझ्या हातात होतं तरी झाला होता. मी तसली बाई आहे. पुन्हा कोणी आलं तर पुन्हा काहीतरी कापेन. मला स्वतःचा भरवसा नाही. म्हणून सांगते, मला हे सांगायची बुद्धी आहे तोवर जा."

ती पिशवी भरतच राहिली. भरून सांडायला लागली तरी माती घालत होती. मग तिने तोंडावर हात घेतला, मातीचा हात, आणि रडली. नान्या गेला तेव्हा सुद्धा ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती, तेव्हा ती मला सांभाळत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळाने म्हणाली, "आणि झाडं?"

मी म्हटलं, "झाडांची थेरं मला आता कळतात. आणि छाटणीवाला आठवड्यातून दोनदा येईल, कात्री घरी ठेवून."

२६ मे

नोंदणी कचेरीत दोघांनी सह्या केल्या. साक्षीदार मी, धाकटी आणि शेजारीण. दुर्बिणीच्या कोटाच्या बाह्या मी आदल्या दिवशी दुमडून दिल्या होत्या. सुनेची आई आली होती, माझे पाय धरायला लागली, मी मागे सरकले.

बाहेर पडल्यावर शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "सून म्हणून आणलीत आणि मुलगी म्हणून पाठवलीत. केवढं मन तुमचं." मला असलं बोलणं ऐकवत नाही. मला मुलगी नको होती. मला सून हवी होती, ह्या घरात, तिच्या खोलीत, सकाळी दार वाजवणारी. मन बिन काही मोठं नाही माझं. असतं तर इतकं दुखलं नसतं.

संध्याकाळच्या गाडीने गेली. जाताना सांगत होती, बियांना पाणी किती, कोणत्या ट्रेला सावली. मी हो हो म्हणत होते. शेवटी म्हणाली, "आई, जेवत जा." मी म्हटलं, जेवते, तुझ्या आधीपासून जेवते आहे. गाडी हलल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. धाकटी म्हणते हात हलवत होती. मला दिसलं नाही.

१० जून

सकाळी जाग आली तरी पडूनच राहिले. कशाची वाट बघत होते ते लक्षात आलं तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं. मग उठले. झाडांना पाणी हवंच असतं.

७ जुलै

तिची खोली रोज झाडते. चादर बदलते, कोणी झोपलेलं नसतं तरी. धाकटी म्हणते, माझ्याकडे राहायला ये. तिच्या घरात टीव्ही फार.

पाकोळ्यांनी नव्या वाळलेल्या पानांवर दोन वाट्या चिकटवल्या आहेत. फोनवर तिला सांगितलं. ती म्हणाली, "खरंच?" आणि मग दुर्बिणीला हाक मारून सांगितलं. तिने त्याला हाक मारली तो आवाज मी ऐकला. नान्याला ती तशीच हाक मारायची. मी फोन लवकर ठेवला, दूध उतू जातंय म्हटलं.

२ ऑगस्ट

दुपारी तिचा फोन आला. रडत होती. भांडण नाही, काही नाही, तो चांगला आहे, घर चांगलं आहे. म्हणाली, "आई, मला करमत नाही. तुम्ही एकट्या जेवताय हे डोळ्यांसमोर येतं आणि माझा घास अडतो. मी त्यांच्याशी बोलले. ते म्हणाले, तुला जायचं तर जा, मी सुट्टीला येत जाईन. मी परत येते, आई. कायमची. माझी खोली आहे ना?"

एका अक्षराचं काम होतं. ये म्हटलं असतं तर परवा ती फाटकात उभी असती. माझ्या जिभेवर होतं. खरं सांगते, अगदी दातांपर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "खोली कुठली? तिथे मी रोपं ठेवली. बाहेर पाऊस फार, ट्रे कुजायला लागले. तुझ्या पलंगावर सुद्धा ट्रे आहेत. पाय ठेवायला जागा नाही."

ती म्हणाली, "माझ्या खोलीत?"

"मग काय रिकामी ठेवू? दिवाळखोरीत निघायचंय का मला? जोडीने पाहुणे म्हणून या कधीतरी, धाकटीकडे उतरा, तिच्याकडे जागा आहे."

ती बरं म्हणाली. आवाजातून कळलं, तिला लागलं. चांगलंच लागलं. फोन ठेवून मी थोडी बसले. मग उठले, छपरीत गेले आणि पहिला ट्रे उचलला. पायऱ्या निसरड्या होत्या, भिजत होते, एकेक ट्रे करून आत आणला. आधी खिडकीत मांडले, मग फरशीवर, मग तिच्या टेबलावर. शेवटी चादर काढून घडी केली आणि पलंगावरही मांडले. अंधार पडायच्या आत खोली भरली. आता तिने उद्या पुन्हा विचारलं तरी मला खोटं बोलावं लागणार नाही.